परसात चार कोंबड्या: काय मिळतं आणि त्यासाठी काय करावं लागतं

चार कोंबड्या पाळल्या तर घरात काय येईल, याचा हिशेब आधी मांडू. अंड्यांसाठी निवडलेल्या सुधारित जातीची कोंबडी अंड्यावर आल्यावर पहिल्या वर्षी आठवड्याला सरासरी पाच अंडी देते. चौघींची मिळून वीस. एक कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे एका अंड्यामागे साधारण १६० ग्रॅम खाद्य खर्ची पडतं. तुमच्याकडच्या खाद्याच्या भावाने गुणून हा आकडा विकतच्या अंड्याशी ताडून पाहा. फार मोठी बचत दिसणार नाही, आणि खुराड्याचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी तोटाच दिसेल. निव्वळ स्वस्त अंड्यांसाठी कोंबड्या आणू नयेत.

खरा फायदा एका ठिकाणी नसतो, तो चार ठिकाणी विखुरलेला असतो. पहिला फायदा खात्रीचा. अंडं कालचं की तीन आठवड्यांपूर्वीचं, हा प्रश्नच उरत नाही. कोंबडीने काय खाल्लं आणि तिला कोणतं औषध दिलं, हे तुम्हाला ठाऊक असतं. बलकाचा गडद रंग मात्र पौष्टिकपणाचा पुरावा मानू नका. तो हिरवा पाला, पिवळा मका यांसारख्या खाण्यातल्या रंगद्रव्यांमुळे येतो.

दुसरा फायदा खताचा, आणि तो बहुतेकजण मोजतच नाहीत. एक कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ओली विष्ठा टाकते. चौघींची वर्षाला दीडशे किलोच्या पुढे जाते. त्यात तीन-चतुर्थांश पाणी असलं तरी नत्र, स्फुरद आणि पालाश या तिन्हींत कोंबडखत शेणखतापेक्षा सरस असतं. ज्याच्याकडे भाजीचे दोन-चार वाफे आहेत, त्याच्यासाठी हा फायदा अंड्यांच्या बरोबरीचा आहे.

तिसरा फायदा मशागतीचा. पीक निघालेल्या रिकाम्या वाफ्यात कोंबड्या सोडल्या की त्या तण उपटतात, अळ्या आणि कोष टिपतात, वरची माती उकरून भुसभुशीत करतात. उभ्या पिकात सोडल्या तर त्याच नख्यांनी रोपंही निघतात, गांडुळंही पोटात जातात. ‘कोंबड्या कीड खातात’ हे खरं आहे, पण त्यांना केव्हा आणि कुठे सोडायचं हे माणसाने ठरवायचं असतं. चौथा फायदा म्हणजे भाजीचे देठ, पालापाचोळा, बागेतलं तण कामी येतं. पण खाद्याची जागा हे घेऊ शकत नाही. त्याविषयी पुढे.

आणण्याआधी

पहिलं काम कागदाचं. तुमच्या स्थानिक संस्थेचे नियम पाहा: किती पक्षी ठेवता येतात, शेजाऱ्याच्या भिंतीपासून खुराडं किती दूर हवं, कोंबड्याला परवानगी आहे का. काही देशांत एक पक्षी पाळला तरी नोंदणी सक्तीची असते. काही ठिकाणी घराच्या स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं कोंबड्यांना घालायलाच कायद्याने बंदी आहे. संस्थेचे नियम मोकळे असले तरी तुमच्या वसाहतीचे वेगळे असू शकतात.

दुसरं, पक्ष्यांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळ कोण आहे ते आधी शोधून ठेवा. पहाटे कोंबडी आजारी दिसल्यावर शोधाशोध करण्यात अर्धा दिवस जातो, आणि कोंबडीकडे तेवढा वेळ नसतो.

संख्या किती? तीनपेक्षा कमी नको. कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे; एकटी ठेवली तर खाणं कमी करते, सतत ओरडते. दोन असल्या आणि एक दगावली तर उरलेली एकटी पडते. चार हा नवख्यासाठी चांगला आकडा. आणि कोंबडा नको. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, फक्त त्या अंड्यातून पिल्लू निघत नाही. कोंबडा पहाटेच आरवतो असंही नाही, तो दिवसभर आरवतो. शेजाऱ्यांशी पहिलं भांडण बहुधा त्याच्यावरूनच होतं.

खुराडं: इथे हात आखडता घेऊ नका

खर्च कुठे करायचा असं विचारलं तर उत्तर एकच, खुराड्यावर. कोंबड्या महागातल्या आणि खुराडं जुगाडाचं, असं उलटं करणारे पुष्कळ असतात. परसातल्या बहुतेक कोंबड्या दोन गोष्टींनी जातात: रात्री आत शिरणारा शिकारी आणि कायम ओलसर राहणारी जमीन. दोन्हींचा बंदोबस्त बांधतानाच करावा लागतो, मागाहून केलेली डागडुजी टिकत नाही.

चार मध्यम आकाराच्या कोंबड्यांसाठी झोपायची खोली १२० × १२० सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकीला साधारण चार चौरस फूट. त्याला लागून जाळीबंद अंगण दीड मीटर × अडीच मीटर, म्हणजे प्रत्येकीला दहा चौरस फूट. यापेक्षा दाटी झाली की आधी एकमेकींची पिसं उपटणं सुरू होतं, मग रक्त निघेपर्यंत टोचणं. एकदा रक्ताची चटक लागली की ती सवय मोडणं फार अवघड. खोलीची फळी जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंच ठेवा. खाली हवा खेळते, उंदीर-घुशींना दडायला जागा उरत नाही, आणि कोंबड्यांना सावलीही मिळते. दार एवढं मोठं ठेवा की फावडं आत घालून सगळे कोपरे साफ करता येतील. साफ करायला अडचणीचं खुराडं कुणी साफ करत नाही.

जाळी निवडताना चूक होते ती अशी. षटकोनी विणीची पातळ जाळी स्वस्त असते आणि कोंबडी अडवायला पुरते. पण कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगसासारखं जनावर तिच्या भोकातून शिरतं. १२ मिलिमीटर चौकटीची वेल्ड केलेली जाळी घ्या, आणि ती नुसत्या खिळ्यांनी न ठोकता स्क्रू आणि वायसर लावून पट्टीखाली दाबून बसवा. उकरून येणाऱ्यांसाठी तीच जाळी अंगणाच्या चारही बाजूंनी ३० सेंटिमीटर बाहेरच्या अंगाला आडवी पसरा आणि वर माती टाका. जनावर भिंतीला लागूनच उकरायला सुरुवात करतं आणि नखं जाळीवर अडकली की सोडून देतं. वरूनही जाळी हवी, शिकारी पक्ष्यांसाठी. दाराला नुसती सरकती कडी पुरत नाही. कडी सारून वर खीळ घालावी लागेल, अशी दुहेरी सोय करा. आणि दिवेलागणीला दार बंद करणं हे रोजचं काम कुणाचं, हे घरात ठरलेलं असू द्या. उत्तम खुराड्याचं दार एका रात्री उघडं राहिलं तरी सगळ्या कोंबड्या जाऊ शकतात.

हवेबद्दल नवख्यांचा अंदाज नेमका उलटा असतो. थंडी लागेल म्हणून फटी बुजवतात. कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असते, कोरड्या थंडीचं तिला फारसं काही वाटत नाही. तिला बाधते ती दमट, कोंदट हवा. रात्रभरच्या श्वासाने आणि विष्ठेने ओल आणि अमोनिया साठतो, डोळे आणि श्वासनलिका चुरचुरतात, आणि श्वसनाच्या रोगांना वाट मिळते. म्हणून छताला लागून, बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापेक्षा वर, समोरासमोरच्या दोन भिंतींत १० ते १५ सेंटिमीटरची जाळीदार पट्टी कायम उघडी ठेवा. झोत अंगावर यायला नको, पण हवा निघून जायला हवी. तपासायचं असेल तर पहाटे दार उघडल्याबरोबर कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन पाहा. नाकाला झोंबलं तर हवा कमी पडतेय.

बसायची दांडी लाकडी, पाच सेंटिमीटर रुंद आणि कडा गोल केलेली असावी. प्रत्येकीला २५ सेंटिमीटर जागा, म्हणजे चौघींना एक मीटरची दांडी पुरते. भिंतीपासून ३० सेंटिमीटर अंतर, उंची ६० ते ७५ सेंटिमीटर. लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा पाइप नको, पाय घसरतो. दांडी अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंचच हवी, कारण कोंबड्या झोपायला सर्वांत उंच जागा शोधतात. खोकं उंच असलं तर त्या खोक्यात झोपतात, तिथेच घाण करतात, आणि अंडी मळतात. त्यावर नंतर कितीही हाकललं तरी उपयोग होत नाही. दांडी वर घ्या, प्रश्न मिटतो.

अंड्यांसाठी ३० × ३० × ३५ सेंटिमीटरचं, थोडं अंधारं खोकं, पुढे दहा सेंटिमीटरची पट्टी आणि आत गवत किंवा तूस. चौघींना एक चालेल, दोन बरी. दोन्ही ठेवली तरी चौघी बहुधा एकाच खोक्यासमोर रांग लावतील, त्याला इलाज नाही.

आता जमिनीवरचं अंथरूण, ज्याला लिटर म्हणतात. भाताचं तूस, लाकडाच्या सालपट्या किंवा वाळलेला पाला, ८ ते १० सेंटिमीटर जाड. दर दोन-चार दिवसांनी खालीवर करायचं, दांडीखालची विष्ठा उचलायची, कमी झालं की नवं घालायचं. ओल ओळखायची सोपी रीत आहे. मूठभर लिटर घट्ट दाबा आणि मूठ उघडा. गोळा तसाच राहिला तर ओलं आहे, तेवढा भाग काढून टाका. हळूहळू सुटून पसरलं तर ठीक. अजिबात चिकटलं नाही आणि धूळ उडाली तर फार कोरडं. ओल जवळजवळ नेहमी दोन ठिकाणांहून येते, पाण्याच्या भांड्याखालून आणि छताच्या सांध्यातून. औषधं शोधण्याआधी या दोन जागा पाहा.

अंगणाच्या कोरड्या कोपऱ्यात एका मोठ्या, उथळ खोक्यात माती, वाळू आणि थोडी लाकडाची राख ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, धूळ पिसांत शिरते आणि उवा-पिसवा आटोक्यात राहतात. धूलिस्नान ही त्यांची चैन नाही, गरज आहे.

पिल्लं की तलंगा

नवख्याने १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात. पिल्लं स्वस्त आणि गोड दिसतात, पण पहिले सहा आठवडे उष्णतेची सोय करावी लागते, लिंग ओळखून दिलेली नसतील तर निम्मे कोंबडे निघतात, आणि अंड्यासाठी पाचेक महिने थांबावं लागतं. तलंग महिन्या-दीड महिन्यात अंड्यावर येते.

जातींमध्ये व्हाइट लेगहॉर्न पांढरी अंडी भरपूर देते, शरीराने हलकी आणि स्वभावाने बुजरी. ती कुंपणावरून उडूनही जाते. ऱ्होड आयलंड रेड, प्लिमथ रॉक, ऑस्ट्रालॉर्प या जड, शांत आणि तपकिरी अंड्यांच्या, परसासाठी सोयीच्या. गावठी कोंबडी वर्षाला बरीच कमी अंडी देते, पण चरून पोट भरते, शिकाऱ्याला चुकवते, खुडूक होते म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि पिल्लंही वाढवते. मोकळं सोडायला जागा असेल तर ती निवडावी; जाळीबंद अंगणातच ठेवायच्या असतील तर तिचे हे गुण वाया जातात.

घेताना कोंबडी हातात घ्या. डोळे चमकदार आणि कोरडे, नाकातून पाणी नाही, श्वासात घरघर नाही, गुदद्वाराभोवतीची पिसं स्वच्छ, पायांवरचे खवले सपाट. छातीच्या हाडावर दोन्ही बाजूंनी मांस लागायला हवं. त्याच कळपातली एखादी शिंकत असेल तर चांगली दिसणारीही घेऊ नका. कोणत्या लसी कधी दिल्या, ते लिहून घ्या.

तरीही पिल्लंच घ्यायची असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या पाठीच्या उंचीवर ३२ ते ३५ अंश सेल्सियस तापमान हवं. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. तापमापकापेक्षा पिल्लंच नीट सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, लांब कडेला चोच उघडून पडली असतील तर उकडतंय, सगळीकडे पसरून खात-झोपत असतील तर बरोबर. दिवा साखळीने टांगा, तारेने आणखी एकदा बांधा. तुसात पडलेल्या दिव्याने आग लागते. खाली गुळगुळीत कागद अंथरू नका, पाय फाकून कायमचे अधू होतात.

खाणं आणि पाणी

वयाप्रमाणे खाद्य बदलतं. पिल्लांना स्टार्टर, त्यात सुमारे २० टक्के प्रथिनं. मग ग्रोअर. अंडी सुरू होताना लेयर, त्यात १६ ते १८ टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम. लेयर खाद्य पिल्लांना घालू नका. त्यातलं जास्तीचं कॅल्शियम वाढत्या पिल्लांची मूत्रपिंडं खराब करतं. चार कोंबड्यांना महिन्याला साधारण १४ किलो खाद्य लागतं. एकदम दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा करू नका, आणि तो झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. ओल लागून बुरशी धरलेलं धान्य ‘कोंबडीला काय होतंय’ म्हणून घालणं महागात पडतं. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत निकामी करतं.

वरचं खाणं, म्हणजे पाला, भाजीचे देठ, मूठभर धान्य, एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. कोंबडी आधी आवडीचं खाते. पोट धान्याने भरलं की प्रथिनं कमी पडतात आणि पंधरवड्यात अंडी घटतात. अवोकाडो, चॉकलेट, कच्चे राजमे, हिरवे पडलेले बटाटे आणि खारट पदार्थ अजिबात नकोत. लांब गवत किंवा सुतळीचे तुकडेही नकोत, ते अन्नपिशवीत गुंता करतात. ही पिशवी छातीच्या वर, मानेच्या बुडाशी हाताला लागते. रात्री ती भरलेली आणि पहाटे रिकामी असायला हवी. पहाटेही कडक गोळा लागला तर अन्न अडकलं आहे, त्या दिवशीच पशुवैद्याला दाखवा.

कोंबडीला दात नाहीत, दळण पोटातल्या पेषणीत होतं आणि त्यासाठी बारीक खडे लागतात. मोकळ्या चरणाऱ्या कोंबड्या ते स्वतः टिपतात, बंदिस्त असतील तर वेगळ्या वाटीत ठेवा. शिंपल्यांचे तुकडे ही वेगळी गोष्ट आहे, ते विरघळतात. खड्यांचं काम त्यांच्याकडून होत नाही.

पाणी एका कोंबडीला दिवसाला पाव लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. काही तास पाणी तुटलं तरी पुढचे काही दिवस अंड्यांवर परिणाम दिसतो. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवा. खाली ठेवलं तर त्यात लिटर उडतं आणि पाणी सांडून जमीन ओली होते. खाद्याचं भांडंही त्याच उंचीला, आणि तिसरा हिस्साच भरा. काठोकाठ भरलेल्या भांड्यातलं खाद्य चोचीने बाहेर फेकलं जातं आणि त्यावर उंदीर पोसले जातात.

हवा ३२ अंशांच्या वर गेली की कोंबड्या चोच उघडून धापा टाकतात, पंख अंगापासून दूर धरतात. त्यांना घाम येत नाही. सावली आणि थंड पाणी द्या, खाद्य पहाटे आणि संध्याकाळीच घाला, कारण पचनाने अंगात उष्णता वाढते. भर दुपारी पकडापकडी करू नका.

अंडी: येतात कशी आणि थांबतात का

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसत्या कवचाचे. म्हणून कोंबडी रोज थोडी उशिरा अंडं घालते आणि वेळ दुपारवर गेली की एक दिवस खाडा करते. रोज एक अंडं ही अपेक्षाच चुकीची.

कवच बरंचसं रात्री चढतं, तेव्हा खाणं बंद असतं. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागतं, आणि पोटात नसेल तर कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. शिंपल्यांचे जाडसर तुकडे यासाठीच द्यायचे. ते पोटात हळूहळू विरघळून रात्रभर कॅल्शियम पुरवतात. बारीक पूड लवकर निघून जाते. तुकडे खाद्यात न मिसळता वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवे ती संध्याकाळी स्वतःहून खाते. अंड्यांची टरफलंही चालतात, पण भाजून पार चुरा करून. अंड्याच्या आकाराची ओळख पटता कामा नये.

अंडी थांबली तर घाबरण्याआधी क्रमाने पाहा. दिवस लहान झालाय का? अंड्यासाठी १४ ते १६ तास उजेड लागतो. पिसं झडतायत का? वर्षातून एकदा जुनी पिसं झडून नवी येतात, त्याला दोन-तीन महिने लागतात आणि तोवर अंडी जवळजवळ बंद असतात, कारण पिसं म्हणजे बहुतांशी प्रथिनच. वरचं खाणं जास्त झालंय का, पाणी तुटलं होतं का, दांडीवर माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, आहेत का? मोकळ्या सोडत असाल तर झुडपाखालीही पाहा. अंडी थांबलेली नसतात, जागा बदललेली असते.

एखादी खोक्यातच बसून राहिली, हात नेला की पिसं फुगवून घोगरं ओरडली, तर ती खुडूक झाली. फलित अंडी मिळत असतील तर तिच्याखाली दहा-बारा अंड्यांची रवण बसवा, २१ दिवसांनी पिल्लं निघतात. नको असेल तर तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात, खाणं-पाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवा. पोटाला खालून हवा लागली की बसण्याची ओढ जाते. पाण्यात बुडवून काढण्याची रीत क्रूर आहे, करू नका.

अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. तडकलेलं अंडं पडून राहिलं की कोंबडी चोच मारते, चव कळते आणि मग ती अंडी फोडून खाऊ लागते. खोकं अंधारं करणं, तळाशी मऊ थर वाढवणं आणि कवच मजबूत करणं, हे तीन उपाय लगेच करा.

स्वच्छ अंडं धुऊ नका. त्यावर एक पातळ नैसर्गिक लेप असतो, तो सूक्ष्म भोकं बुजवून जंतू अडवतो. थोडी घाण कोरड्या फडक्याने पुसा. धुवावंच लागलं तर अंड्यापेक्षा कोमट पाण्याने. गार पाण्यात आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण भोकांतून आत ओढली जाते. धुतलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवा आणि आधी वापरा. झुडपात सापडलेल्या अंड्यांची शंका असेल तर पाण्यात टाका: तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या.

आजार

दिवसातून एकदा, पहाटे दार उघडताना, दोन मिनिटं नुसतं बघत उभं राहा. कोण शेवटी उतरली, कोण खायला आली नाही, कुणाचा तुरा फिका किंवा निळसर आहे. कोंबडी दुखणं लपवते. ती अंग फुगवून कोपऱ्यात बसलेली दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. घट्ट, गडद आणि टोकाला पांढरं असलेली विष्ठा ठीक. अधूनमधून येणारी तपकिरी, चिकट, घाण वासाची विष्ठाही ठीक. हिरवं पाणी, रक्त किंवा सलग पातळ विष्ठा ठीक नाही.

राणीखेत, म्हणजेच मानमोडी, लागला तर औषध नाही. हिरवट हगवण, मान पिळवटणं, लुळेपणा आणि झपाट्याने मरतूक. लस हाच उपाय. पहिला डोस साधारण पहिल्या आठवड्यात, पुढचे डोस पशुवैद्य सांगेल त्या वेळापत्रकाने. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी, पाण्यातून द्यायची असेल तर पाणी क्लोरीन नसलेलं, आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची. लस दिली तरी रोग आला, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा उन्हात राहिलेली कुपी असते. देवीच्या खपल्या तुऱ्यावर आणि गालांवर येतात, डास त्या पसरवतात. तिचीही लस आहे. मॅरेक्स या विषाणूजन्य रोगाची लस पिल्लांना उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी द्यावी लागते, म्हणून विकत घेतानाच विचारा.

तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत रक्ती हगवण दिसली तर तो कॉक्सिडिओसिस, आणि त्याचं मूळ जवळजवळ नेहमी ओल्या लिटरमध्ये. पशुवैद्याकडून औषध त्याच दिवशी आणा आणि लिटर बदला. एक केलं आणि दुसरं राहिलं तर रोग परततो.

लाल माइट दिवसा दांडीच्या फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन जा, पांढरं फडकं दांडीच्या खालच्या बाजूने फिरवा. लाल डाग उमटले तर माइट आहेत. खुराडं रिकामं करून फटी घासा, कडकडीत पाणी ओता, पशुवैद्याने सांगितलेलं कीटकनाशक मारा, आणि आठवड्याने पुन्हा हेच करा. पहिल्या खेपेला वाचलेल्या माइटच्या अंड्यांतून तोवर नवे माइट निघालेले असतात.

कोणतंही जंतनाशक किंवा प्रतिजैविक देताना किती दिवस अंडी खायची नाहीत, ते विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या, डोकी सुजली, तुरे जांभळे पडले तर बर्ड फ्लूची शंका घ्या. मेलेला पक्षी कापू नका, खाऊ नका, ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. पशुसंवर्धन खात्याला कळवा आणि उरलेल्यांना हलवू नका. एरवीही कोंबड्या किंवा अंडी हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलांना खुराड्यात मोकळं सोडू नका. खुराड्यासाठी चपलांचा वेगळा जोड ठेवला तर बाहेरचा रोग आत येण्याची एक मोठी वाट बंद होते.

खत करायची रीत

ताजी विष्ठा थेट झाडाच्या बुडाशी टाकली तर मुळं जळतात, त्यातलं नत्र फार तीव्र असतं. विष्ठा मिसळलेलं लिटर एक भाग आणि वाळका पाला किंवा काडीकचरा दोन भाग, असे थर द्या. पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा. मीटरभर लांब, रुंद आणि उंच ढीग असेल तर आत तापमान ५५ अंशांच्या वर जातं आणि रोगजंतू, तणाचं बी मरतं. गार झाला की पालटा. अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडलाय, ढीग तापलाच नाही तर कोरडा आहे किंवा लहान आहे. तीन-चार महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना ताजं किंवा अर्धवट कुजलेलं खत कधीच घालू नका.

दुसऱ्या वर्षानंतर

कोंबडी नीट सांभाळली तर पाच ते आठ वर्षं जगते, पण अंड्यांचा बहर पहिली दोन वर्षं. त्यानंतर दरवर्षी अंडी घटतात, खाद्य मात्र तेवढंच लागतं. म्हाताऱ्या कोंबड्यांचं काय करायचं, हे पहिली कोंबडी आणण्याआधीच घरात बोलून ठरवा. तिला नाव ठेवल्यावर हा विषय निघाला तर भांडणं होतात. ठेवायच्या असतील तर जागेचा हिशेब त्यांना धरून करा, म्हणजे चार अंड्याच्या आणि तीन म्हाताऱ्या, असं खुराडं सुरुवातीलाच सातजणींचं बांधा.

नव्या तलंगा आणल्यावर चार आठवडे वेगळ्या, शक्य तितक्या लांब ठेवा. आधी जुन्यांचं काम उरका, मग नव्यांकडे जा. नंतर आठवडाभर मधे फक्त जाळी ठेवून दोघींना एकमेकींच्या नजरेत राहू द्या आणि मग एका रात्री, सगळ्या झोपल्यावर, नव्यांना दांडीवर बसवा. एकटीला कधीच सोडू नका, निदान दोघी हव्यात. खाद्य आणि पाण्याची भांडी दोन-दोन ठिकाणी मांडा, म्हणजे दादागिरी करणारीला दोन्हीकडे पहारा देता येत नाही. चोचाचोची आठवडाभर चालेल. रक्त निघालं नाही तर मधे पडू नका. निघालं तर मार खाणारीला नाही, मारणारीला तीन-चार दिवस बाहेर काढा. परत आल्यावर तिचं स्थान खाली गेलेलं असतं.